रंगाखालची माती : अजिंठा, वेरूळ आणि भिंत तयार करण्याची विद्या

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. प्रत्यक्ष नाही तर पाठ्यपुस्तकात किंवा दिनदर्शिकेवर तरी. त्या चित्राखाली काय आहे, हे मात्र फारसे कुणी विचारीत नाही. आजचा धागा त्या 'खालच्या' गोष्टीविषयी आहे : रंगाच्या आधी भिंतीवर जे केले जाते त्याविषयी, आणि ते नीट केले वा न केले तर शतकांच्या हिशेबात काय घडते त्याविषयी. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

आधी परिसर ध्यानात घेऊ. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, बसाल्टच्या उभ्या कड्यात तीसच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. त्यांतील ९ आणि १० क्रमांकाची चैत्यगृहे सातवाहनकाळातील, इसवी सनापूर्वीच्या शतकांतील. बहुतेक चित्रसंपदा मात्र पाचव्या शतकातील, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील आणि त्याच्या आगेमागची. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करविले, असे तिथला शिलालेख सांगतो. शिलालेखांत राजा येतो, मंत्री येतो, दान देणारा भिक्षू येतो. भिंत लिंपणारा कुठेही येत नाही. त्याच्याविषयी जे काही कळते ते त्याच्या कामावरूनच कळते, आणि सुदैवाने ते काम पुष्कळसे बोलके आहे.

बसाल्ट हा गिलाव्याला अनुकूल दगड नव्हे. लाव्हारसाच्या थरांतून झालेला हा काळा पाषाण घट्ट आहे. तो पाणी फारसे शोषत नाही. वीट किंवा मऊ वालुकाश्म असता तर ओला गिलावा त्यात थोडा मुरला असता आणि वाळताना दगडाशी एकजीव झाला असता. बसाल्टवर ते होत नाही. इथे गिलावा धरून राहायचा तर तो केवळ खाचाखोचांच्या आधारावर. म्हणून अजिंठ्याच्या कारागिरांनी भिंती आणि छत मुद्दाम खडबडीत ठेवले. जिथे गिलावा गळून पडला आहे तिथे जवळ जाऊन पाहावे. टाकीचे व्रण उघडे दिसतात. पुष्कळ प्रवाशांना ती कामाची अपूर्णता वाटते. ती अपूर्णता नव्हे. मातीला दगड पकडता यावा म्हणून केलेली ती तजवीज आहे. आजचा गवंडी काँक्रीटच्या गुळगुळीत खांबावर गिलावा करण्यापूर्वी टाचे मारतो, तो याच कारणासाठी.

त्या खडबडीत दगडावर पहिला थर चढे तो जाड मातीचा. मुंबईच्या कलाशाळेचे (आजचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ नंतरच्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या नकला केल्या, आणि १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या गिलाव्याचे वर्णन करून ठेवले. त्यांच्या नोंदीनुसार माती, शेण आणि दगडाचा चुरा यांचे मिश्रण भिंतीच्या खडबडीत पृष्ठावर जोराने दाबून बसविलेले असे. त्याची जाडी कुठे एक अष्टमांश इंच, तर कुठे पाऊण इंच. छताच्या गिलाव्यात भाताचे तूसही मिसळलेले त्यांना आढळले. त्यावर अंड्याच्या कवचाइतका पातळ, घोटून गुळगुळीत केलेला पांढरा थर. आणि मग चित्र.

'दाबून बसविलेले' या शब्दांवर क्षणभर थांबायला हवे. गिलावा नुसता फासला तर खाचांत हवा कोंडून राहते, आणि पुढे नेमक्या तिथूनच तो फुगतो. दाबून भरला तर माती खाचेच्या तळापर्यंत जाते. थापीच्या फटक्यातला हा फरक बाहेरून दिसत नाही. तो दिसायला शंभर-दोनशे वर्षे जावी लागतात.

तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मातीत का घालायचे? माती वाळताना आकसते, आणि आकसताना तडकते. तंतू त्या ताणाला ठिकठिकाणी अडवतात, त्यामुळे एक मोठी भेग पडण्याऐवजी असंख्य सूक्ष्म, निरुपद्रवी फटी पडतात. शिवाय तुसाने गिलावा हलका होतो. छतावर तर वजन हेच मोठे संकट. तिथे माती स्वतःच्या भारानेच खाली यायला निघालेली असते. ग्रिफिथ्स यांना तूस छतावरच विशेष दिसले, ते याचमुळे असावे. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यांच्या छतांवर फुले, फळे, हंस यांची जी विणकामासारखी नक्षी आजही टिकून आहे, तिच्या टिकण्यात चित्रकाराइतकाच त्या तुसाचाही वाटा आहे.

यात नवल वाटण्यासारखे काही आहे का? मराठवाड्यातील ज्या पिढीने धाब्याच्या घरात बालपण काढले, तिला यातले काहीच अपरिचित नाही. गावाच्या पांढरीतून आणलेली माती, भिजवून पायांनी तुडवलेला चिखल, त्यात कालवलेला भुसा, चिखल काही दिवस 'कुजत' ठेवण्याची रीत, आणि मग हाताने लिंपण. सणापूर्वी आधी भिंतीचे सुटलेले पोपडे खरवडून काढायचे, उंदरांची बिळे आणि भेगा भुश्शाच्या चिखलाने बुजवायच्या, ते वाळू द्यायचे, त्यानंतरच पांढऱ्या मातीच्या निवळीने भिंती पोतारायच्या. नागपंचमीचे नाग भिंतीवर निघत ते हे सर्व झाल्यावर. हा क्रम चुकवून थेट पोतेरा फिरवला तर दुसऱ्या दिवशी सगळे खपल्या होऊन खाली येते, हे घरातील बायकांना कुणी ग्रंथातून शिकविले नव्हते. आपल्या कलेतिहासाने अजिंठ्याच्या रेषेवर ग्रंथ लिहिले. लिंपणाविषयी आपण जवळजवळ गप्प राहिलो, कारण ते काम बायकांचे आणि मजुरांचे समजले गेले. हे माझे मत. वाचकांनी ते मत म्हणूनच घ्यावे.

ग्रंथ मात्र पूर्णपणे गप्प नव्हते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील 'चित्रसूत्र' या भागात भिंत तयार करण्याची सविस्तर कृती आहे : विटांची पूड, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, तेल, भाजलेला चुना, बेलफळाचा गर, वाळू अशा द्रव्यांचे मिश्रण करायचे, ते महिनाभर भिजत ठेवायचे, मगच भिंतीवर चढवायचे, वाळल्यावर पृष्ठ सम आहे का ते तपासायचे, खाचखळगे भरायचे, घोटायचे. अशी भिंत शंभर वर्षांनीही बिघडत नाही, असे आश्वासनही ग्रंथकार देतो.

दुसरा ग्रंथ आपल्याला अधिक जवळचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणी', बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी पद्यांमुळे ठाऊक असतो. त्यात 'वज्रलेप' सांगितला आहे. म्हशीचे ताजे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवायचे, त्या सरसाच्या कांड्या करून वाळवायच्या आणि गरजेप्रमाणे त्या पुन्हा उकळून पांढऱ्या मातीत मिसळायच्या. या मिश्रणाचे भिंतीवर तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळल्यानंतरच पुढचा. आजच्या भाषेत हा प्राइमर आणि पुट्टीच झाला. फक्त तो राजाच्या नावावर असलेल्या ग्रंथात आहे.

एक सावधगिरी इथे बाळगावी. हे ग्रंथ म्हणजे अजिंठ्याच्या कारागिरांची हस्तपुस्तिका नव्हे. चित्रसूत्रातील विटांची पूड अजिंठ्याच्या गिलाव्यात नाही. तिथे आहे ती स्थानिक माती, दगडाचा चुरा आणि वनस्पतिद्रव्य. मानसोल्लास तर अजिंठ्यानंतर सुमारे साडेसहाशे वर्षांनी लिहिला गेला. 'आपल्या ग्रंथांत सर्व लिहिलेले होते' अशा उत्साहात हे तपशील विसरले जातात. ग्रंथांतून आणि भिंतींतून समान निघते ती वृत्ती : थरामागून थर, प्रत्येक थराला त्याचा वेळ, आणि वाळण्याची घाई नाही.

अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात, तेही इथेच निस्तरून घेऊ. इटलीतील खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा ताजा गिलावा ओला असतानाच रंग दिला जातो. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कठीण होतो आणि रंगकण त्यातच कोंडले जातात. म्हणजे तिथे चित्र आणि भिंत रासायनिक अर्थाने एक होतात. अजिंठ्यात रंग वाळलेल्या पृष्ठावर, सरसासारख्या बंधकाने बसविलेला आहे. काव, पिवळी माती, काजळी, बसाल्टच्याच पोकळ्यांतून मिळणारी हिरवी माती, आणि दूर बदख्शानहून व्यापारी मार्गांनी आलेला राजावर्ताचा निळा. हे सर्व त्या अंड्याच्या कवचाएवढ्या पांढऱ्या थरावर बसलेले, तो थर मातीवर बसलेला, आणि माती दगडाच्या खाचांत. साखळीतील कुठलीही एक कडी सुटली की सगळेच सुटते.

याचा पुरावा एका विषादकारक प्रसंगात मिळतो. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा मद्रास लष्करातील अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि लेणी पाश्चात्त्य जगाला कळली. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने कोरलेले नाव अजून आहे. त्यानंतरच्या दशकांत 'अभ्यासू' पाहुण्यांची रीघ लागली. मुंबईचे डॉ. जेम्स बर्ड हे त्यांपैकी एक. सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे चित्र आहे. त्या काळी त्याला राशिचक्र समजत. त्यातील काही आकृती बर्ड यांनी सोलून काढण्याचा प्रयत्न केला, आणि त्या हातातच चुरा झाल्या. त्यांना वाटले, चित्र म्हणजे वरचा पापुद्रा. तो उचलला की चित्र आपले. पापुद्र्याला स्वतःचे बळ काहीच नव्हते. बळ होते ते मागच्या मातीचे.

यानंतरचा अध्याय घराला रंग काढणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ मध्ये नकला करण्यासाठी अजिंठ्यास आले. जवळजवळ दोन दशके त्यांनी तिथे घालविली. पारोची आणि त्यांची कथा मराठी वाचकांना ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे ठाऊक आहे. त्यांच्या भव्य तैलनकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. मग ग्रिफिथ्स आले; त्यांच्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. या आगींच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. मूळ भिंतींवर त्या काळात काय घडले, ते मात्र क्वचितच.

शतकानुशतकांच्या ओसाडीत भिंतींवर वटवाघळांची घाण, धूळ, आणि लेण्यांत मुक्काम करणाऱ्यांच्या चुलींची काजळी यांचा थर साचला होता. त्यातून चित्र धूसर दिसे. नकलाकाराला तर रेघ न् रेघ दिसायला हवी. उपाय सोपा होता : वार्निशचा हात द्यावा. ओला दगड जसा गडद आणि उठावदार दिसतो, तसे वार्निशखाली चित्र क्षणात जिवंत होते. ग्रिफिथ्स यांच्या काळात भिंतींवर असे वार्निश चढले.

त्या वार्निशने काय केले? त्याने काजळी काढली नाही. तिला बंदिस्त केले. आता धूळ चित्रावर बसलेली नव्हती, चित्र आणि वार्निश यांच्यामध्ये कायमची अडकली होती. वर्षांमागून वर्षे वार्निश पिवळे पडले, मग तपकिरी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मातीची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ती ओलावा घेते, उन्हाळ्यात सोडते. पृष्ठभाग वार्निशने बंद झाला की आतला ओलावा त्या कवचाला मागून ढकलू लागतो, आणि कवच निघते ते रंगासह निघते. वाळताना आकसणारे वार्निशही खालच्या अशक्त रंगाला ओढून उचलते.

ग्रिफिथ्स यांना खलनायक ठरविणे मला पटत नाही. अजिंठ्याचे जगाला दर्शन घडविण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे, त्यांच्या विद्यार्थ्यांतून पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार पुढे आले, आणि तेव्हा वार्निश हा युरोपातही चित्रजतनाचा रूढ उपाय होता. तैलचित्रासाठी तो ठीकच होता. पण तैलचित्राचा कॅनव्हास निराळा, आणि दगडावर बसलेली माती निराळी. ज्या पृष्ठावर लेप द्यायचा ते पृष्ठ कशाचे आहे हे आधी विचारायचे असते. इथे तो विचार राहून गेला.

१९०९ ते १९११ या काळात लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम दोन हिवाळे अजिंठ्यास आल्या. त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांत नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार हे तरुण होते. एक मौजेचा योगायोग असा की, चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधीवरचा इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याच्या कारागिरीविषयक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर याच बाईंनी १८९९ मध्ये केले होते. भिंतीवर चित्र काढण्यापूर्वी काय करावे, हे चेन्नीनी अगदी गवंड्याच्या भाषेत सांगतो : चुना आणि वाळू नीट कालवा, चुन्याची उष्णता जाईपर्यंत थांबा, भिंत झाडून घ्या, भरपूर पाणी मारा, पहिला थर खडबडीत ठेवा. फ्लोरेन्सचा हा कारागीर आणि वाघूरकाठचा अनामिक लिंपणारा यांच्यात जवळपास नऊ शतकांचे अंतर आहे. खडबडीत थराबाबत दोघांचे एकमत आहे. आणि या दोघांनाही वाचू शकणारी व्यक्ती त्या दोन हिवाळ्यांत अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभी होती.

अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१४ मध्ये संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात, १९२० ते १९२२ या दरम्यान, लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावण्यात आले. दगडापासून सुटू लागलेला गिलावा पुन्हा चिकटविणे, तुटक्या कडा बांधून घेणे आणि चित्रांची सफाई करणे ही त्यांची कामे. त्यांतील पहिली दोन कामे मोलाची ठरली. त्यांनी कडा बांधल्या नसत्या तर आज जे दिसते त्यातले बरेच दिसले नसते. मात्र त्यांनीही शेवटी लाखेचे वार्निश दिलेच. तेही काळवंडले. म्हणजे पन्नास वर्षांच्या आत एकाच भिंतीवर तीच चूक दुसऱ्यांदा, आणि या वेळी तज्ज्ञांच्या हातून.

पुढे ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून रसायनतज्ज्ञांनी जी संथ सफाई केली, तिचा मोठा भाग म्हणजे पूर्वसूरींचे वार्निश उतरविणे आणि त्याखाली कोंडलेली काजळी सोडवणे. एका दुपारीत चढविलेला लेप उतरवायला महिने लागतात, तेही इंचाइंचाने, कारण द्रावक थोडा जरी अधिक झाला तरी तो रंगालाच हात घालतो. आज लेण्यांत एका वेळी किती माणसे जातात यावर बंधन असते, प्रकाश मंद ठेवला जातो. माणसांच्या श्वासातला दमटपणाही त्या मातीला जाणवतो.

तरीही एक शत्रू उरतोच, आणि तो बाहेरून आलेला नाही. गिलाव्याला बळकटी देणारे तूस आणि तंतू हे किड्यांचे खाद्य आहे. चित्रामागची माती पोखरली जाते, वरून काही दिसत नाही, आणि एके दिवशी तुकडा सुटतो. इथे वेरूळ पुढे येते.

वेरूळ शहरापासून अवघ्या तीस किलोमीटरवर. तिथेही गिलावा होता, हे आज पटकन लक्षात येत नाही. कैलास लेण्याला 'रंगमहाल' हे जुने नाव होते, ते त्यावरच्या चुन्याच्या आणि रंगाच्या लेपांमुळेच. आज उघडा काळा दगड पाहून आपण ज्याला भव्य साधेपणा म्हणतो, तो त्याच्या निर्मात्यांना बहुधा अपुरे काम वाटला असता. २०१६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांचा शोधनिबंध आला. सिंह पुरातत्त्व सर्वेक्षणातील रसायनतज्ज्ञ, सरदेसाई इथल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ. वेरूळच्या मातीच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासता त्यांना त्यात भांगेच्या झाडाचे, म्हणजे गांज्याच्याच जातीचे, तंतू आणि अवशेष सापडले. प्रमाण सुमारे १० टक्के.

वर्तमानपत्रांनी या बातमीची जी थट्टामस्करी केली ती सोडून देऊ. खरे महत्त्व तुलनेत आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांपैकी सुमारे पाव भागाची हानी किड्यांमुळे झाली असल्याचे हे अभ्यासक नोंदवितात. वेरूळच्या गिलाव्यात किड्यांचा वावर आढळला नाही. भांगेचा तंतू चिवट असतो, तो ओलावा घेतो आणि सोडतो, आणि कीटकांना ही वनस्पती मानवत नाही. मिश्रणात एक झाड बदलले, आणि हजार वर्षांनी हिशेब बदलला. अजिंठ्याच्या उणिवेवरून शिकून वेरूळकरांनी हे जाणीवपूर्वक केले का? तसे म्हणायला लिखित आधार नाही, आणि मला ते म्हणायचेही नाही. पण सहाव्या शतकापासून पुढे वेरूळला काम करणाऱ्यांपैकी काहींनी अजिंठ्याच्या भिंती पाहिल्या असणे अशक्य नव्हते.

आता शहरात येऊ. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेली खडकी; नावातच खडक आहे. याच शहरात सतराव्या शतकाच्या मध्यावर दिलरस बानू बेगमेचा मकबरा उभा राहिला : रचनाकार अताउल्ला, अभियंता हंसपत राय. ताजमहालाशी तुलना करून बीबी का मकबऱ्याला 'गरिबांचा ताज' म्हणण्याची वाईट खोड आपल्याला लागली आहे. संगमरवर इथे खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधला मोठा भाग बसाल्टचा, आणि त्यावर घोटीव चुन्याचा पांढरा गिलावा. म्हणजे अजिंठ्याचाच जुना प्रश्न, काळ्या दगडावर पांढरे पृष्ठ टिकवायचे कसे, इथे चुन्याने सोडविला आहे. कळीचा चुना विरवायचा, दिवसेंदिवस मुरू द्यायचा, घाणीत दगडी चाकाखाली मळायचा. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर अशा घाणींचे गोल चर अजून दिसतात. मग थरावर थर, आणि शेवटचा हात चकाकी येईपर्यंत घोटायचा. तो गिलावा जिथे शाबूत आहे तिथे संगमरवर कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो, हे दुरून ओळखू येत नाही. संगमरवर परवडला नाही म्हणून हे केले असेल. पण संगमरवर बसविण्यापेक्षा हे काम सोपे होते असे कुणी समजू नये.

याच शहरातील जुन्या वाड्यांत आज उलटी गोष्ट घडताना दिसते. माती-चुन्याच्या जाड भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात. घरमालक हौसेने त्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतो, वर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट. दोन वर्षे भिंत आरशासारखी दिसते. जमिनीतून वर चढणारी ओल पूर्वी चुन्यातून बाहेर पडे. आता तिला वाट नाही. ती सिमेंटच्या मागे साचते, वर चढते, क्षार सोबत नेते, आणि पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेला लोणा कमरेपर्यंत येतो. अजिंठ्याच्या वार्निशचीच ही धाकटी बहीण. अशा घरमालकांना दोष तरी कसा द्यावा? चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधून सापडत नाही, आणि सापडला तरी चुना मुरण्याइतके दिवस थांबण्याची कुणाची तयारी नसते.

नव्या सदनिकांचीही तऱ्हा फार वेगळी नाही. सिमेंटच्या गिलाव्याला पाणी मारून पक्का होऊ द्यायला आणि मग नीट वाळू द्यायला हवे. ओल्या, क्षारयुक्त पृष्ठावर दिलेला रंग डाग धरतो आणि सुटतो. धूळ न झाडता लावलेली पुट्टी भिंतीला नव्हे, धुळीला चिकटते. ताबा देण्याची तारीख ठरलेली असते, दसऱ्याचा मुहूर्त असतो, आणि कंत्राटातील दर 'रंगकाम, इतके हात' असा लिहिलेला असतो. खरवडणे, घासणे, भेगा भरणे, वाट पाहणे यांना त्या कागदावर रकाना नसतो. रंगारी ते करतो तेव्हा स्वतःच्या मजुरीतून करतो.

अजिंठ्यास पुन्हा जाणे झाले तर एक करून पाहा. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर गर्दी असते. ती तशीच राहू द्यावी, आणि जवळपासच्या भिंतीवर गिलावा जिथे तुटला आहे ती कड शोधावी. तिथे छेद दिसतो : सर्वांत वर रंगाची जेमतेम दिसणारी रेघ, तिच्याखाली पांढरी रेघ, मग बारीक माती, मग जाड माती, त्यातून डोकावणारी एखादी काडी किंवा तूस, आणि शेवटी काळा दगड, टाकीच्या व्रणांसह.